‘माझं कॅरेक्टर असंच आहे!’

नवं फँटसी कॅम्पेन सुरू करताय? कॅरेक्टर शीट समोर आहे, फासे हातात आहेत आणि डोक्यात एकदम भारी हिरो तयार आहे? मग पाच मिनिटं थांबा. आमचं पहिलं कॅम्पेन तिसऱ्याच शनिवारी कसं बुडालं, ते आधी ऐका.

शनिवारची दुपार. मित्राच्या घरचा हॉल, जमिनीवर सतरंजी, मधोमध काकूंनी दिलेली पोह्यांची डिश आणि तिच्याभोवती रंगीबेरंगी फासे. आम्ही चौघं खेळाडू, पाचवा डंजन मास्टर. त्याने घसा खाकरून सुरुवात केली, ‘‘बाहेर धो धो पाऊस पडतोय. तुम्ही चौघं एका खानावळीत आहात. काय करताय?’’

पहिला म्हणाला, ‘‘मी कोपऱ्यात बसलोय. कुणाशी बोलत नाही.’’ दुसरी म्हणाली, ‘‘मी दुसऱ्या कोपऱ्यात. माझा कुणावर विश्वास नाही.’’ मी म्हणालो, ‘‘मी तोंडावर हूड ओढून तिसऱ्या कोपऱ्यात.’’ आणि चौथा तर आतच आला नाही. तो बाहेर झाडाखाली त्याच्या लांडग्याला घेऊन बसला होता.

पुढची चाळीस मिनिटं बिचारा डंजन मास्टर आम्हाला एकमेकांशी बोलायला लावण्यासाठी जिवाचं रान करत होता. आम्ही चौघांनी चार खोल्यांत बसून चार हिरो बनवले होते. चौघंही अनाथ, चौघंही अबोल, चौघांचाही भूतकाळ काळाकुट्ट. माझ्या एल्फची कहाणी नऊ पानांची होती. नाव रेव्हन. आईवडिलांचा खून झालेला, गुरूने दगा दिलेला, आणि ‘तो कुणाचाच नाही’ हे वाक्य दोनदा अधोरेखित केलेलं. लिहिताना मला स्वतःचा काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

तिसऱ्या शनिवारी मित्राच्या लांडग्याला विषारी बाण लागला. विषावरचा उतारा पन्नास सोन्याच्या नाण्यांना मिळत होता. सगळ्यांनी मिळून पैसे जमवले आणि माझ्याकडे दिले. रात्री माझा रेव्हन ते पैसे घेऊन पसार झाला. सगळे ओरडले. मी खांदे उडवले, ‘‘काय करू? माझं कॅरेक्टर असंच आहे!’’

लांडगा मेला. मित्र काही बोलला नाही. फासे गोळा करून पिशवीत टाकले, चप्पल घातली आणि गेला. पुढचे दोन आठवडे तो कॉलेजमध्येही माझ्याशी बोलला नाही. त्याच्या शीटवर खाली कोपऱ्यात लांडग्याचं नाव लिहिलं होतं : मोत्या. त्याच दिवाळीत त्याच्या गावच्या घरचा कुत्रा गेला होता. त्याचं नाव मोत्या. माझ्या नऊ पानांतलं एकही पान कुणी वाचलं नव्हतं, आणि मी त्याचा तो एक शब्द वाचला नव्हता.

म्हणून दोस्तांनो, हा लेख.

आधी थोडं मागे जाऊ

ज्यांनी हा प्रकार फक्त ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी : टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे सगळ्यांनी मिळून, तोंडाने बोलून रचलेली गोष्ट. डंजन मास्टर जग उभं करतो, बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र चालवतात आणि जिथे यश-अपयशाचा प्रश्न येतो तिथे फासे निकाल देतात. अशी गोष्ट आठवड्यामागून आठवडे चालली की तिला म्हणायचं कॅम्पेन.

यातला सगळ्यात गाजलेला खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजेच डी अँड डी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून तो १९७४ मध्ये बाहेर पडला. कर्ते दोघे : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन. ही मंडळी मूळची युद्धखेळवाली, म्हणजे टेबलावर छोटे छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारी. त्यांनी केलेला बदल ऐकायला साधा आहे. खेळाडूच्या हाती अख्खं सैन्य देण्याऐवजी त्याला एकच माणूस दिला. तो माणूस जगला तर पुढच्या आठवड्यात परत येणार, शिकणार, मोठा होणार. कॅरेक्टर नावाची गोष्ट तिथून सुरू झाली.

तेव्हा कॅरेक्टर बनवणं पाच मिनिटांचं काम होतं. क्लास फक्त तीन. लढवय्या, जादूगार आणि देवाचा माणूस. सहा बाजूंचे तीन फासे सहा वेळा टाकायचे आणि जे आकडे येतील ते त्याच क्रमाने लिहायचे. ताकद कमी आली? नशीब! बॅकस्टोरी वगैरे कुणी फारशी लिहीत नसे, कारण पहिल्या पातळीवरचं कॅरेक्टर दुसऱ्याच खोलीत मरायची शक्यता दांडगी. जो उद्या असेल की नाही माहीत नाही, त्याचं बालपण कोण लिहीत बसणार?

नावाचंही तेच. गायगॅक्स यांचा मुलगा ल्यूक याच्या एका कॅरेक्टरचं नाव मेल्फ. ते आलं कुठून? शीटवर ‘पुरुष, एल्फ’ या अर्थाची जी इंग्रजी नोंद होती, तीच जोडून वाचली, झालं नाव! जिम वॉर्ड यांनी आपलं नाव उलटं लिहिलं आणि ड्रॉमिज नावाचा जादूगार तयार झाला. मेल्फच्या नावाचा आम्लबाणाचा मंत्र आजही खेळात आहे. म्हणजे नाव भारदस्त असावं लागत नाही. त्या नावाने टेबलावर काय केलं, ते लक्षात राहतं.

आता चित्र उलटलंय. २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ने हा खेळ लाइव्ह दाखवायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या, रडवणाऱ्या, हसवणाऱ्या कॅम्पेनची चटक जगाला लागली. आपल्यालाही तसंच हवं असतं. म्हणून आपण पहिल्या दिवशीच नऊ पानं लिहून मोकळे होतो. गंमत अशी, की त्या लोकांची कॅरेक्टर्स आपल्याला आवडतात ती शंभर भाग एकत्र जगल्यानंतरची. आपण शंभरावा भाग पहिल्या पानावर लिहायला जातो.

आठ आलाय? पेढे वाटा!

आता शीटकडे वळू. प्रत्येक कॅरेक्टरचे सहा गुण असतात : ताकद, चपळाई, दमदारपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप. बुद्धी आणि शहाणपण वेगळं कसं? टोमॅटो हे फळ आहे हे कळणं म्हणजे बुद्धी. तो फ्रूट सॅलडमध्ये घालू नये हे कळणं म्हणजे शहाणपण. डी अँड डी खेळणाऱ्यांतला हा जुना विनोद आहे, पण याहून सोपं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही.

आकडे ठरवायच्या तीन पद्धती हल्ली चालतात. एक, सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान आकडा सोडून बाकीच्या तिघांची बेरीज करायची, असं सहा वेळा. दोन, ठरलेले आकडे घ्यायचे : १५, १४, १३, १२, १०, ८. ते हवे तसे वाटायचे. तीन, २७ गुणांच्या बजेटमध्ये आकडे विकत घ्यायचे. फासे टाकण्यात थरार आहे, पण एकाला १८ आणि दुसऱ्याला सगळीकडे ९ आले की दुसरा महिनाभर तोंड पाडून बसतो. पहिलंच कॅम्पेन असेल तर ठरलेले आकडे घ्या. भांडणं वाचतात.

दहा म्हणजे साधा माणूस. त्यापुढच्या प्रत्येक दोन आकड्यांना एकाची बढती, खाली तशीच कपात. म्हणजे १४ ला दोनाची बढती, ८ ला एकाची कपात. काहीही अवघड करायचं तर वीस बाजूंचा फासा टाका, त्यात हा आकडा मिळवा, आणि डंजन मास्टरने ठरवलेला आकडा गाठा.

बहुतेक जण त्या ८ कडे पाहून नाक मुरडतात आणि तो कुठे लपवता येईल ते शोधतात. माझं ऐका, लपवू नका. तुमची ताकद काय आहे ते पार्टीला लढाईच्या वेळी कळेल. पण चपळाई ८ असलेला क्लेरिक चिलखताचा खणखणाट करत चोरपावलांनी जायला बघतो तेव्हा अख्खं टेबल जिवंत होतं. फास्टर फेणे आठवा. फुरसुंगीचा हा पोरगा आपल्याला का आवडतो? शांत बसणं त्याला जमत नाही, जिथे नाक खुपसू नये तिथे खुपसतो आणि मग ‘ट्टॉक्’! त्याची गोष्ट त्या न जमण्यातून सुरू होते. तुमचा ८ म्हणजे तुमचं न जमणं आहे. त्यालाच आधी विचारा, हे असं का? लहानपणी पाय मोडला होता? की आयुष्यभर दिव्याच्या खोलीत बसून काढली?

क्लास निवडताना शेजारी बघा

२०२४ च्या नव्या नियमपुस्तकात १२ क्लास, १० प्रकारचे जीव आणि १६ बॅकग्राऊंड आहेत. फायटर, विझर्ड, क्लेरिक, बार्ड, पॅलाडिन, रेंजर, ड्रुइड... आणि ‘रोग’. हा आजार नव्हे. चोरपावलांनी चालणारा, कुलपं उघडणारा भामटा. (तरी आमच्या पहिल्या कॅम्पेनला तो आजारासारखाच लागला, ही गोष्ट वेगळी.)

क्लास म्हणजे तुमचं काम, बॅकग्राऊंड म्हणजे त्याआधीचं आयुष्य. इथे एक चूक हमखास होते. प्रत्येक जण स्वतःला आवडलेला क्लास घेऊन येतो आणि टेबलावर तीन विझर्ड जमतात. पहिल्याच मारामारीत तिघंही मागे उभे, पुढे कुणीच नाही. आपल्याकडे ट्रेकला जाताना कसं असतं? एक जण वाट ओळखणारा, एक जण स्टो पेटवणारा, एक जण दम लागलेल्यांच्या मागे राहणारा आणि एक जण नुसता गाणी म्हणणारा. गाणी म्हणणारा नसेल तर ट्रेक होतो, पण परत जावंसं वाटत नाही. पार्टीचंही हेच. मार खाणारा, जखमा भरणारा, वाट शोधणारा, जादू जाणणारा आणि वातावरण हलकं ठेवणारा, एवढी कामं कुणी ना कुणी घेतलेली असावीत. कुठलं काम कोण घेतो ते एकत्र बसून ठरवा. मग तीन विझर्ड असले तरी चालतील, फक्त मार कोण खाणार ते ठरलेलं हवं.

पुलंचा नारायण आठवतो? कुणाच्याही घरचं लग्न असो, धावपळ याची. पार्टीत असा एक नारायण लागतो. पहिल्या खेपेला तलवार फिरवणारा हिरो व्हायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण मी दोन्ही करून पाहिलंय, आणि सांगतो, दुसऱ्याला शेवटच्या क्षणी उठवून उभं करण्यातली मजा काही औरच असते.

नऊ पानं फाडा, चार प्रश्न ठेवा

आमच्या पहिल्या कॅम्पेननंतर जवळपास वर्ष गेलं. आम्ही शेवटच्या वर्षाला आलो होतो. एका रात्री ग्रुपवर मेसेज आला. मोत्यावाल्या मित्राचा. ‘‘परत खेळायचं का? यावेळी डीएम मी. शीट घरून भरून आणायची नाही. सगळ्यांनी समोर बसून भरायची.’’

पहिल्या शनिवारी फासे पिशवीतच राहिले. या बैठकीला खेळणारे ‘सेशन झिरो’ म्हणतात. त्याने आम्हाला जगाचा नकाशा दिला नाही, राजघराण्यांचा इतिहास दिला नाही. एकच वाक्य दिलं : ‘‘बंदरातला दीपस्तंभ तीन महिने झाले पेटलेला नाही, आणि गावात त्याबद्दल कुणी बोलत नाही.’’ मग प्रत्येकाला चार प्रश्न.

तो दिवा पेटण्याशी तुझा काय संबंध? तुला काय गमवायची भीती वाटते? तू कुठे चुकलायस? आणि तुझ्या उजव्या हाताला जो बसलाय, त्याला तू कसा ओळखतोस?

उत्तर तीन-तीन ओळींत. अर्ध्या पानापेक्षा जास्त लिहायचं नाही.

एक मैत्रीण हाफलिंग रोग झाली. नाव टिली. अंधारात माल उतरवणारी तस्कर. दिवा विझल्यावर आधी तिचा धंदा वाढला, आणि मग तिच्याच भावाची होडी परत आली नाही. आधीचा डीएम ऑर्क फायटर झाला. नाव ग्रश्का, बंदरावरचा हमाल. जहाजं नाहीत म्हणून काम नाही, आणि हमालांच्या अख्ख्या आळीत चुली थंड. तिसरा एल्फ विझर्ड इथिल. दिव्याची जादू क्षीण होतेय असं पत्र त्याने वर्षभर आधी बंदराच्या कचेरीला पाठवलं होतं. पत्र कुणी उघडलंच नाही, आणि त्यानेही परत विचारलं नाही.

आणि मी? हूडवाला एल्फ पुन्हा करायची हिंमत नव्हती. मी ड्वार्फ क्लेरिक घेतला. नाव ब्रॉम. दीपस्तंभाचा रात्रपाळीचा रखवालदार.

बघा, चौघांपैकी एकही अनाथ नाही, एकही राजपुत्र नाही. चौघांनाही तोच दिवा पेटायला हवाय, पण कारणं वेगळी. डीएमला आता आम्हाला खानावळीतून ओढून काढावं लागणार नव्हतं. आणि उजव्या हाताच्या प्रश्नामुळे कोपरे संपले. ब्रॉमला रात्रीचा डबा टिली आणून देते. टिलीचा माल ग्रश्का उचलतो. ग्रश्काच्या आईची पत्रं इथिल वाचून दाखवतो. इथिल दिव्याच्या खोलीत अभ्यासाला येतो तेव्हा दार ब्रॉम उघडतो. गोल पूर्ण!

ब्रॉमची शीट

आता हे आकड्यांत कसं उतरतं ते बघा, म्हणजे तुमची शीट भरताना सोपं जाईल.

ठरलेले आकडे घेतले. क्लेरिकची जादू शहाणपणावर चालते, म्हणून १५ तिथे. दमदारपणा १४, ताकद १३, छाप १२, बुद्धी १०. राहिलेला ८ चपळाईला. बॅकग्राऊंड खलाशाचं. त्याने शहाणपण दोनाने आणि ताकद एकाने वाढवली. म्हणजे शहाणपण १७, ताकद १४. ड्वार्फ चिवट असतात, त्याचा एक जादा धरून पहिल्या पातळीवर ११ हिट पॉइंट. म्हणजे दोन-तीन सणसणीत वार बसले की खेळ खलास.

खलाशाच्या बॅकग्राऊंडमुळे ब्रॉमची नजर तीक्ष्ण. काही हेरायचं असेल तर फाशात पाच मिळवायचे. १५ चा आकडा गाठायचा असेल तर फाशावर १० किंवा वर पुरे, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त संधी. तेच चपळाईचं काम असेल तर १६ किंवा वर लागणार, म्हणजे चारात एकदा. शिवाय ड्वार्फना अंधारातही दिसतं.

आकडे लिहून झाले आणि मी थबकलो. ज्याला अंधारात दिसतं, ज्याची नजर सगळ्यांत तीक्ष्ण, तो माणूस दिव्याजवळ होता, तरी दिवा विझलाच कसा? ‘तू कुठे चुकलायस?’ या प्रश्नाचं उत्तर शीटनेच दिलं. त्या रात्री ब्रॉमला झोप लागली होती. त्याने हे कुणालाच सांगितलेलं नाही. टिलीला तर नाहीच.

नऊ पानं लिहूनही जे रेव्हनला मिळालं नव्हतं, ते ब्रॉमला एका ओळीत मिळालं. बाकी सगळं मी कोरं ठेवलं. त्याचं गाव कुठलं, देव कुठला, लग्न झालंय का, काही लिहिलं नाही. कोरी जागा म्हणजे डीएमला आणि मित्रांना दिलेलं आमंत्रण असतं. सगळ्या खोल्यांना कुलपं लावलेल्या घरात पाहुणे किती वेळ बसतील?

नको ते आधीच बोला

सेशन झिरोचा आणखी एक भाग आहे, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. या टेबलावर काय नको, ते आधी बोलून घ्या. कुणाला कोळी चालत नाहीत, कुणाला लहान मुलांवरचा अत्याचार गोष्टीतही नको असतो, कुणाच्या घरात नुकतंच आजारपण झालेलं असतं. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी यासाठी सोपी युक्ती काढली. टेबलावर एक कार्ड ठेवायचं, त्यावर फुली. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही. आम्ही जुन्या बसपासच्या मागे स्केच पेनने फुली मारली. पाच महिन्यांत ते कार्ड दोनदा वापरलं गेलं. दोन्ही वेळा खेळ पुढच्याच मिनिटाला सुरू झाला.

आमच्या नव्या डीएमने एक नियम जास्तीचा घातला : ‘पार्टीतल्या माणसाविरुद्ध काही करायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं. कॅरेक्टरला नाही, खेळणाऱ्याला.’ बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तरी मला कळलं.

आणि मग मी त्याला सांगितलं, मोत्याबद्दल सॉरी. वर्षभर उशिरा. तो म्हणाला, ‘‘अरे, ते रेव्हनने केलं ना?’’ मी म्हणालो, ‘‘रेव्हन मीच बनवला होता.’’

‘माझं कॅरेक्टर असंच आहे’ या वाक्यात खोट इथेच आहे. कॅरेक्टर आकाशातून पडत नाही. तसं असायचं तुम्ही ठरवलेलं असतं, आणि पुढच्या वाक्याला तुम्ही ते बदलूही शकता. चोर खुशाल व्हा, खोटारडे व्हा, भांडखोर व्हा. पण आपल्या माणसांच्या वाटेत उभं न राहणारा चोर व्हा. टिलीनेही चोऱ्या केल्या. तिने कचेरीची तिजोरी फोडली आणि इथिलचं न उघडलेलं पत्र त्याला आणून दिलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या तिला मिळाल्या.

खिसा आणि मसाला

नियमांसाठी महागडी पुस्तकं घ्यायलाच हवीत असं नाही. २०२३ च्या जानेवारीत डी अँड डीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले, ते फुकट उतरवून घेता येतात. फासे नसतील तर मोबाइलमध्ये ॲप टाका. शीटच्या झेरॉक्स काढा आणि पेन नको, पेन्सिल वापरा, कारण हिट पॉइंट पुसावे लागतात. बऱ्याचदा.

मसाला मात्र घरचाही चालतो. या खेळात पूर्वीपासून ‘राक्षस’ आहे बरं का! फक्त तो वाघाच्या तोंडाचा आणि उलट्या पंजांचा. आपल्या आजीने सांगितलेल्या राक्षसाशी त्याचं फारसं जमणार नाही. पण २०२२ मध्ये आलेल्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या साहससंग्रहात मूळच्या कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांनी बंगालच्या मातीतून स्फुरलेलं साहस लिहिलं. मग तुमच्या कॅम्पेनमध्ये वाट चुकवणारा चकवा किंवा पिंपळावरचा मुंजा यायला कोणाची परवानगी हवीय? आमच्या बंदरगावात तिसऱ्याच शनिवारी चकवा आला. टेबलावरच्या कोकणातल्या मित्राने त्याचे सगळे नियम डीएमपेक्षा चांगले सांगितले.

पहिल्या शनिवारी हे करा

* शीट घरून भरून आणू नका. कल्पना आणा, आकडे एकत्र लिहा.
* डीएमकडून कॅम्पेनचं एक वाक्य घ्या. त्या वाक्याशी तुमच्या कॅरेक्टरचा संबंध जोडा.
* बॅकस्टोरी अर्ध्या पानात संपवा. एक जिवंत नातेवाईक जरूर ठेवा.
* उजवीकडच्या खेळाडूच्या कॅरेक्टरशी एक दुवा तयार करा.
* सगळ्यात कमी आकड्याला एक कारण द्या.
* शीट भरून झाल्या की गोल फिरवा. प्रत्येकाने प्रत्येकाची वाचा. कोपऱ्यातली नावंसुद्धा.

पुढे काय झालं?

कॉलेजमधल्या कॅम्पेनचा खरा ड्रॅगन म्हणजे टाइमटेबल. सबमिशन, इंटरव्ह्यू, गावी जाणं, कुणाचं तरी ब्रेकअप. पाच जणांना एकाच दुपारी तीन तास मिळणं हे कुठल्याही फाशाहून अवघड. लोक येतात ते नियमांसाठी येत नाहीत. त्या खोलीत आपली कुणीतरी वाट बघतंय, आपल्या वाटणीची गोष्ट अर्धी राहिलीय, म्हणून येतात. आम्ही पाच महिने टिकलो.

नवव्या शनिवारी आमची पार्टी दीपस्तंभाच्या पायऱ्या चढून वर पोहोचली. दिव्याची काच तडकलेली. टिलीने विचारलं, ‘‘त्या रात्री इथे पाळीवर कोण होतं?’’ डीएम गप्प. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं बोलायचं तर फासा टाकावा लागला असता. मी फासा बाजूला ठेवला आणि म्हणालो, ‘‘ब्रॉम खाली बघतो आणि सांगतो, मी होतो. मला झोप लागली होती.’’

कुणी काही बोलेना. जिच्या कॅरेक्टरचा भाऊ त्या होडीवर होता, ती मैत्रीण बराच वेळ शीटकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही सुरा काढणार. तिला तो हक्कही होता. मग ती म्हणाली, ‘‘टिली डबा उघडते. अर्धी भाकरी ब्रॉमला देते. म्हणते, आजची रात्र पहारा मी देते. तू झोप.’’

मोत्यावाला मित्र डीएमच्या पडद्यामागे काहीतरी लिहीत होता. त्याने मान वर केली नाही, पण बाजूचा फरसाणाचा पुडा उचलून माझ्याकडे सरकवला.

दीपस्तंभ पेटला की नाही? ते अजून व्हायचंय. आता आम्ही पाच जण चार शहरांत आहोत. शनिवार जमेल तेव्हा व्हिडीओ कॉलवर बसतो. ब्रॉमची शीट खोडून खोडून पातळ झालीय, तरी मी नवी काढलेली नाही.

तुमचं कॅम्पेन या शनिवारी सुरू होतंय ना? मग पेन्सिलीला टोक करा. आणि बसल्या बसल्या आधी शेजारच्याला विचारा, ‘‘तुझं कॅरेक्टर कोण आहे रे?’’